लक्ष्मीला दुपारचं आमंत्रण

मृदुलाच्या नवऱ्याचा, समीरचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. फेब्रुवारीतली रविवारची सकाळ, बाहेर पांढरं धुकं. "वहिनी, मृदुला गेली," तो म्हणाला, आणि पिठाच्या हातानं फोन धरून मी त्याच्यावरच खेकसले, "काहीतरी बोलू नकोस!" शुक्रवारी तर आम्ही फाटकाशी उभ्या राहून हसलो होतो... रात्रीत मेंदूत रक्तस्राव झाला. चाळिशीही गाठली नव्हती बाईनं. लॉकडाऊनमुळे अंत्यसंस्काराला मोजकीच माणसं, बाकीच्यांनी स्क्रीनवर बघायचं. पण तिची गाडी निघाली तेव्हा आमच्या इस्टेटमधले, म्हणजे वसाहतीतले, सगळे इथल्या आयर्लंडच्या रीतीप्रमाणे रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिले. आयरिश आजीआजोबा, पोलिश शेजारी, आम्ही. त्याला आता काही आठवडे झाले, आणि मला जरा लिहिता येतंय.

नावन ह्या आमच्या गावात तिचं घर आमच्यापासून तिसरं. मी पुण्याची, ती नागपूरची, त्यामुळे भांडायला विषय शोधावा लागत नसे. ती डब्लिनच्या एका विद्यापीठात संशोधन करायची. कुठल्या दिवशी शहराची हवा बिघडली आणि पुढच्या दोन-चार दिवसांत किती माणसं धाप लागून दवाखान्यात पोचली, हे बघायचं. तोच धूर उन्हाळ्यात वेगळा वागतो, हिवाळ्यात वेगळा, तो का, हे शोधायचं. "एवढं शिकून धूर मोजतेस?" मी चिडवायची. "मोजते ना बाप्पा! तुम्ही पुण्याचे लोक फक्त दुसऱ्याच्या चुका मोजता," हे तिचं उत्तर. हिच्या धुराशी आपल्याला काय करायचंय, असंच तेव्हा वाटायचं.

दोन हजार वीसच्या सुरुवातीला माझ्या सासूबाई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाल्यानं इथेच राहिल्या. माझी मुलगी इरा तेव्हा आठ वर्षांची, तिला दमा. उन्हाळाभर पोरगी उंडारली, खिडक्या सताड उघड्या, पंपाची आठवणसुद्धा नाही. नोव्हेंबर लागला आणि संध्याकाळ झाली की छातीत शिट्टी वाजायला लागली. आम्ही दही बंद केलं, केळी बंद केली. माझ्या फोडणीवर आळ आला, मग गालिच्यावर. "आय'म ग्रँड, मम्मी," म्हणजे मी ठीक आहे, असं ती म्हणायची, आणि म्हणताना खांदे वर-खाली व्हायचे. एका संध्याकाळी तिला धड बोलताही येईना. ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. कोविडच्या त्या दिवसांत हॉस्पिटलात तिचा हात धरून बसले, तेव्हा देवाला एवढंच म्हणत होते, की एक दुखणं घेऊन आलोय, दुसरं घेऊन जायला नको. घरी आलो, पण त्यानंतर दुपार कलली की चहा पुढ्यात निवायचा आणि माझा कान इराच्या श्वासाकडे असायचा.

दोन-तीन दिवसांनी मृदुला फिरायला निघाली होती. कुणाच्या घरात जायला परवानगी नव्हती, म्हणून फाटकाबाहेरच थांबली. आमचं दार उघडं होतं. दिवेलागणीला लक्ष्मी येते, दार लावायचं नाही, हा सासूबाईंचा जन्माचा नेम. त्यात रेडिओवर, शाळेत, जिकडेतिकडे सांगत होते, खिडक्या उघडा, हवा खेळू द्या. मग मीही मागचं दार उघडायची. सासू-सुनेचं एकमत झालेली ही घरातली एकमेव गोष्ट!

"काकू, सांगलीला दिवा किती वाजता लावता?" मृदुलानं विचारलं.

"सातला."

"आणि इथं?"

"इथं साडेचारलाच अंधारतंय की गं."

मृदुलानं मान वर करून समोरची धुराडी दाखवली. घरोघर नेमकी तेव्हाच उबेसाठी शेगडी पेटत होती, कोळशाची आणि टर्फची, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीची. टर्फचा वास मला किती आवडायचा! पण वारा पडलेला, हवा गार, धूर वर जायचं सोडून छपरांवरून खाली उतरत होता. उन्हाळ्यात शेगड्या नसतात, वारा असतो, तेव्हा हेच उघडं दार इराला औषध आहे, मृदुला म्हणाली. थंडीत ह्या वेळेला ते धुराला आवतण. दुपारी उघडा, खुशाल सगळं घर उघडा.

सासूबाईंचा आवाज चढला. "तिन्हीसांजेला दार लावू? लक्ष्मीला माघारी धाडू?" मी पदर खोचलाच होता. पण मृदुलानं मास्कपर्यंत हात नेऊन नमस्कार केला. "माघारी काहून धाडता, काकू? हिवाळाभर तिला दुपारच्या जेवणालाच बोलवा ना. संध्याकाळी येईल तर तिलाही ठसका लागेल."

सासूबाईंनी मागे वळून सोफ्यावर बसलेल्या इराकडे बघितलं. "दुपारची येईल म्हणतीस?"

"येईल ना! तिला कुठं ऑफिस आहे?"

सासूबाई हसल्या, आणि आत जाऊन त्यांनी स्वतःच्या हातानं दार लावलं. मी त्यांना इतक्या वर्षांत कुणाचं एवढ्या सहज ऐकताना पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून भर दुपारी घर उघडं, कलतीला बंद, दिवा आत. मृदुलाचा रोज मेसेज यायचा, "आज वारा आहे, उघडा" किंवा "आज नको." पंप मात्र डॉक्टर सांगतील तसाच घ्यायचा, असं दटावायची. जादू झाली नाही. दोन संध्याकाळी वाईट गेल्याच. पण ॲम्ब्युलन्स पुन्हा आली नाही, आणि चारच्या सुमाराला मला चहा गोड लागायला लागला. ह्याचे आभार मी तिच्या तोंडावर कधी नीट मानले नाहीत, कारण आभार मानले की ती "बस झालं, पुणेकर" म्हणून हसायची.

ती गेल्यावर मेसेज थांबले. तेराव्याच्या दिवशी सासूबाईंनी न्हाऊन देवापाशी तिच्या नावाचा दिवा लावला. नाती-गोती, सुतक, सगळं पाळणारी बाई! मी म्हटलं, आई, ती आपल्या नात्यातली कुठे होती? "गप," त्या म्हणाल्या. दिवा लावला भर दुपारी, आणि दोन्ही दारं सताड उघडली. "तिची येळ हीच."

बाहेर गार ऊन होतं. इरा उंबऱ्यात बसून वरण-भात खात होती. मी सवयीनं कान दिला. शिट्टी नाही, घरघर नाही, पोरीचा श्वास येतोय-जातोय आणि मला ऐकूच येत नाहीये... माझं ताट हातात तसंच धरून मी तिथेच उभी राहिले आणि ढसाढसा रडले. मृदुला, थँक्यू गं.