कमलिनी मिसचा हातगुण

नंगनल्लूरच्या त्या शाळेत पहिली-दुसरीच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवायचं काम कमलिनी मिसकडे इतकी वर्षं होतं, की तिच्या हाताखालून गेलेली पोरं आता आपापली पोरं घेऊन शाळेच्या दारात उभी राहत. कोणी मोठ्या कंपनीत लागला होता, कोणी ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर झाला होता. हे सगळे आपण घडवले, असं कमलिनीचं प्रामाणिक मत होतं. मधल्या काळात त्यांना आणखी कोणी काही शिकवलं असेल, हे ती जमेस धरत नसे.

बाई तंजावरकडच्या मराठी घरातली. घरात मराठी, तीही खापरपणजोबांनी ठेवून दिली तशीच, दारात तमिळ, वर्गात सगळ्यांचं मिळून सांबार. शिकवण्यात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. सहा वर्षांच्या पोराला माउस धरायला शिकवून बघा, म्हणजे कळेल. तळहात चिमुकला, माउस पालथ्या वाटीएवढा. टेबलाची कड आली की पोरं माउस हवेत उचलतात आणि पडद्यावरचा बाण पुढे का जात नाही म्हणून बोंब मारतात. डबल-क्लिक म्हणाल तर एक क्लिक आज आणि दुसरी उद्या. कमलिनीने त्यावर मृदंगाचा बोल काढला होता. 'त-क' म्हणायचं आणि बोट दोनदा आपटायचं. अख्खा वर्ग तक-तक करायचा आणि फोल्डर पटापट उघडायचे.

पण तिची खरी मिरास वेगळीच होती. विजयादशमीला मुलाचा हात धरून तांदळात पहिलं अक्षर काढवायचं, ही इकडची रीत. या शाळेने त्यात आपली भर घातली होती. पहिलीच्या मुलांचा कॉम्प्युटर त्याच सकाळी सुरू व्हायचा. मूल खुर्चीत, मागे आईबाप, आणि मुलाच्या हातावर हात ठेवून कमलिनी माउसने पडद्यावर तमिळ 'अ' काढवायची. तिच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणत. निदान लोक असं म्हणतात, हे कमलिनी तरी सगळ्यांना सांगत असे.

अशात जूनमध्ये स्वरदा आली. नाशिकची, अजून तिशीही न गाठलेली. नवरा इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात होता. शाळेने तिला दुसरी कॉम्प्युटर मिस म्हणून घेतलं. पहिले चार दिवस कमलिनीला आनंदच झाला, शाळेत मराठी बोलायला माणूस मिळालं. मग एकदा स्वरदा म्हणाली, "मावशी, किती गोड आहे हो तुमचं मराठी. अगदी पोथीतल्यासारखं." कमलिनी हसली. पण घरी जाताना बसमध्ये तिच्या मनात आलं, पोथी म्हणजे जुनी, फडक्यात बांधून ठेवायची वस्तू. तिथून जे कुसळ डोळ्यात गेलं ते गेलंच.

स्वरदाने व्हरांड्यात खडूने भलामोठा कीबोर्ड काढला. पहिलीच्या ज्या पोरांना दसऱ्यापर्यंत लॅबची पायरी चढायची परवानगी नव्हती, ती त्यावर उड्या मारत आपापलं नाव लिहू लागली. स्पेसबारवर तिघांनी एकदम लोळायचं, एंटरवर बसकण मारायची. "कॉम्प्युटर शिकवतात हे की लंगडी?" कमलिनी स्टाफरूममध्ये म्हणाली. एवढा नेमका टोमणा तिला मराठीतच सुचला, आणि मराठी समजणारी तिथे एकटी स्वरदा. ती मनापासून हसली आणि म्हणाली, "लंगडीच की हो, मावशी." टोमणा फुकट गेला.

कमलिनीला हेवा वाटत होता. दुसरा कुठला बरा शब्द त्याला लावून उपयोग नाही. स्वरदाच्या मोडक्या तमिळवर पोरं खदखदा हसत आणि मग तिच्याच गळ्यात पडत, याचा हेवा. तिला जमिनीवर मांडी घालून बसता येत होतं आणि हात न टेकता उठता येत होतं, याचासुद्धा. चुका तिच्या, आणि लाड पण तिचेच. आपण इतकी वर्षं एक चूक न करता शिकवलं, तर पोरं आपल्याला नुसती वचकून राहिली.

घरी गेलं तरी सुटका नव्हती. अरुण म्हणजे तिचा मुलगा, श्रीविद्या सून, आणि त्यांची रेवा यंदा त्याच शाळेत पहिलीत. डोसा तोंडात असताना रेवाचं चालायचं, स्वरदा मिसने असं केलं, स्वरदा मिस तशी नाचली.

"आणि आजी काय शिकवते?" कमलिनीने एकदा विचारलं.

"आजी ओरडते," रेवा म्हणाली आणि चटणी मागितली.

त्यात नवरात्राच्या तोंडावर वेंकटरमण सरांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, तिला बोलावून घेतलं. "मिस, गेल्या वर्षी लोक उन्हात फार ताटकळले. यंदा दोन रांगा करू. एक तुमची, एक स्वरदा मिसची. तुमच्या गुडघ्यांनाही तेवढाच आराम."

गुडघ्यांचं नाव निघालं आणि कमलिनीचा तीळपापड झाला. रांग दोन जागी वाटायची म्हणजे हातगुण वाटायचा. उद्या लोक मोजणार, कोणाची रांग लांब. आणि ती कोणाची असेल हे तिला आजच दिसत होतं, कारण पोरं आईबापांना हाताला धरून कुठे ओढत नेतील ते व्हरांड्यातल्या त्या खडूने कधीच ठरवून टाकलं होतं.

रेवाला तिने घरी जवळ घेतलं. "पहिला 'अ' आजीच्या हातून काढायचा, कळले? हातास गुण असावा लागतो. कोणाच्या असतो, कोणाच्या नसतो." रेवाने आपला तळवा उलटासुलटा करून पाहिला आणि खेळायला पळाली.

विजयादशमीच्या आदल्या दिवशी आयुधपूजा. त्या दिवशी इकडे हत्यारं, यंत्रं, वह्या-पुस्तकं सगळी देवासमोर. त्यांना गंधफूल वाहायचं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत कामाला हात लावायचा नाही. लॅबमधल्या प्रत्येक पडद्याला चंदन, कुंकू, झेंडूची माळ. स्वरदा हौसेने वाटी घेऊन मदतीला आली, तेव्हा कमलिनीने तिला समजावलं होतं, "माउसच्या पाठीस लाव गे, पोटास नको. पोटात त्याचा डोळा आहे. तो झाकला तर बाण हलायचा नाही." स्वरदाने मान डोलावली आणि अगदी नेटकी बोटं लावली.

पूजा झाली, आरती झाली. मग सगळे फाटकाशी दृष्टीचा कोहळा फोडायला गेले. चुरमुरे आणि सुंडलचा, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीचा, प्रसादही तिकडेच वाटला जात होता, त्यामुळे पोरांचा गलका तिथूनच येत होता. लॅबमध्ये कमलिनी एकटी उरली. वाटीत थोडं चंदन होतं. उद्या स्वरदाची रांग ज्या मशीनपुढे लागायची, त्याच्याजवळ ती गेली, माउस उलटा केला आणि त्याच्या डोळ्यावर बोटभर चंदन थापलं. पुन्हा पालथा ठेवला. फार काही नाही, तिने स्वतःला सांगितलं, देवाचंच चंदन आहे. थोडा वेळ अडेल, लोक कंटाळतील आणि आपल्या रांगेत येतील. मग तिने सरस्वतीच्या तसबिरीला हात जोडले. एका कामाला देवीपुढेच हात घातल्यावर नमस्कार चुकवणंही बरं दिसलं नसतं.

सकाळी नेमकं तसंच झालं जसं तिने मनात पाहिलं होतं. स्वरदाची रांग लॅबच्या दाराबाहेर व्हरांड्यात वळली. कमलिनीपुढे मोजकी माणसं होती, तीही बहुतेक तिच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी, भिडेखातर आलेली. तिने पहिल्या मुलाचा हात धरला, 'अ' काढवला, कपाळाला कुंकू लावलं, आणि श्रीविद्या रेवाला घेऊन कुठे दिसते का ते पाहायला मान वर केली.

रेवा स्वरदाच्या खुर्चीत बसली होती. सगळ्यात पहिली. श्रीविद्या मागे उभी, ओशाळल्यासारखी. सासूकडे पाहून तिने खांदे उडवले, म्हणजे काय करू, ऐकत नाही.

कमलिनीला आधी राग आला, मग ते चंदन आठवलं.

स्वरदाने रेवाचा हात माउसवर ठेवला, वर आपला ठेवला. बाण हलेना. तिने माउस टेबलावर आपटला, वायर काढून पुन्हा लावली, दुसऱ्या जागी लावून पाहिली. बाण पडद्याच्या मधोमध ढिम्म उभा. रांगेत कुजबुज सुरू झाली. एक म्हातारी तमिळमध्ये शेजारणीला म्हणाली की शकुन काही बरा दिसत नाही. दोन आया आपापल्या मुलांना घेऊन कमलिनीच्या रांगेकडे सरकल्याही. हेच तर हवं होतं. आणखी थोडा वेळ गप्प बसलं की झालं.

"आपण तुला आजीकडे बसवू या का?" स्वरदाने रेवाला विचारलं.

रेवाने नाही म्हणून मान हलवली. डोळे भरले होते, पण आवाज काढत नव्हती. तिने माउसवरचा आपला हात उचलला, तळवा उलटा केला आणि खोलीच्या या टोकाकडे पाहत, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आजी, माझ्या हातास गुण नाही का?"

कमलिनी उठली. खुर्ची मागे कलंडली, तिकडे तिने पाहिलं नाही. गुडघे दुखत असताना ती इतक्या झपाट्याने चालली की रांगेतल्या बाया बाजूला झाल्या. वायर नाही, बटण नाही, कशाला हात लावला नाही. तिने सरळ माउस उलटा केला, पदराच्या टोकाने त्याचा डोळा घासून पुसला आणि परत रेवाच्या हाताखाली ठेवला. बाण सुळकन पळाला.

"गुण आहे गे माझ्या राणी," ती म्हणाली. "पुष्कळ आहे. माउसच वाईट होता."

रेवा लगेच हसली. पोरांचं तेवढं बरं असतं. मात्र तिने हात स्वरदाच्याच हाताखाली घातला आणि पडद्यावर 'अ' उमटू लागला. आधी वळण, मग पोट, मग खालची शेपटी. थोडा वाकडा, पण 'अ' होता. कमलिनी शेजारी उभी राहून ते बघत होती. आपल्या नातीचं पहिलं अक्षर, आणि वर हात दुसरीचा.

स्वरदाने मग मान वर केली. तिची नजर कमलिनीच्या पदराकडे गेली. जांभळ्या रेशमावर पिवळा डाग ठसठशीत दिसत होता. तिला कळायला फार वेळ लागला नाही. "मावशी," ती हळूच म्हणाली, मराठीत, म्हणजे रांगेतल्या कोणाला कळायची सोय नव्हती, आणि श्रीविद्या-रेवा त्या 'अ'मध्येच गुंतल्या होत्या, "काल तुम्हीच मला सांगितलंत ना, पोटाला लावू नको म्हणून."

कमलिनीने पदर मुठीत धरला. आता ही सरांना हाक मारणार. लोकांना डाग दाखवणार. श्रीविद्याला कळणार, अरुणला कळणार, आणि रेवा मोठी झाली की तिलाही कोणी ना कोणी सांगेल.

स्वरदा उठली आणि रांगेकडे वळली. आपल्या त्या मोडक्या तमिळमध्ये, हातवारे करत, ती लोकांना म्हणाली, "बघितलंत ना? मी किती खटपट केली, काही झालं नाही. कमलिनी मिसनी नुसता हात लावला आणि चालू झालं. हात चांगला तो त्यांचाच. तुम्ही सगळे तिकडे जा."

लोक हसले आणि त्यांना ते पटलं, कारण त्यांनी डोळ्यांनी पाहिलंच होतं. शकुनाचं बोलणारी म्हातारी सगळ्यांच्या आधी हलली. बघता बघता व्हरांड्यातली ती लांब रांग वळून कमलिनीच्या मशीनपुढे आली. वेंकटरमण सर दारातून डोकावले, रांग बघितली आणि कौतुकाने मान डोलावून गेले. कोणीतरी कमलिनीची खुर्ची सरळ केली होती. ती बसली.

एकेक चिमुकला हात हाताखाली येत होता. वळण, पोट, शेपटी. जे जे हवं होतं ते सगळं समोर उभं होतं. पलीकडे रिकाम्या मशीनशी स्वरदा रेवाला मांडीवर घेऊन बसली होती, दोघी पडद्यावर कसलंसं वेडंवाकडं मांजर काढत होत्या. तिच्या जागी आपण असतो तर अख्खी शाळा गोळा करून तो डाग दाखवला असता, हे कमलिनीला पक्कं ठाऊक होतं. एवढा मोठेपणासुद्धा देवाने त्या पोरीलाच द्यावा, म्हणून तिचा जीव कालच्यापेक्षा जास्त जळत होता. तेवढ्यात पुढच्या मुलाची आई वाकली आणि हातगुणाच्या बाईंच्या पाया पडली.