नेटाबाईंचं शनिवारचं डंपलिंग

शनिवारची सकाळ. स्वयंपाकघराच्या छताला टांगलेली दांडी दोरीने खाली ओढून मी ओले कपडे वाळत घालत होते. नवऱ्याने नेहमीप्रमाणे टोस्ट करपवला होता आणि खिडकी उघडायला तो विसरला होता. तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दार ठोठावणारं आमच्या जिन्यावर एकच माणूस, खालच्या मजल्यावरच्या नेटा गॅलब्रेथ. आज त्यांनी ते कोपराने ठोठावलं होतं, कारण दोन्ही हात पिठाने माखले होते.

"पोरी, सुतळी आहे का गं तुझ्याकडे?"

"आहे की. किती हवी?"

"घेऊन ये. आणि तूही ये. पाणी उकळतंय तिकडे."

खाली गेले तर त्यांच्या टेबलावर सुतळीचा अख्खा गुंडा पडलेला. मी गुंड्याकडे पाहिलं, नेटाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. टेबलावर ओलं कापड पसरलेलं होतं, त्यावर पिठाचा हात फिरवलेला, आणि मधोमध डंपलिंगचा काळपट गोळा: मैदा, चरबी, बेदाणे, मनुका, सुंठ, दालचिनी, काकवी. तो कापडात बांधून अर्धा दिवस पाण्यात शिजवायचा.

"बांध," त्या म्हणाल्या.

मी कापडाची टोकं एकत्र केली, चक्का टांगायला बांधतो तशी करकचून पिरगाळली आणि सुतळी आवळली.

"अगं अगं, जीव घेतेस का त्याचा? फुगणार आहे ते. जागा ठेव. मूठभर जागा ठेव, नाहीतर फुटेल."

मी सोडून पुन्हा बांधलं. त्या शेजारी उभ्या राहून "अजून सैल, आता घट्ट, हां," करत होत्या. त्यांची बोटं हवेतच गाठ मारत होती. पण ती धड मिटत नव्हती, सांधे सुजून आल्याच्या गाठींसारखे झाले होते. हातमोज्यांतून हिवाळाभर मला ते दिसले नव्हते.

आमच्या पार्टिकमध्ये कुणी पाहुणा आला आणि अस्सल इथलं जेवण कुठे मिळेल म्हणून त्याने विचारलं, की लोक मर्डोच्या पबकडे बोट दाखवतात. ग्लासगोच्या मध्यवस्तीत चकचकीत हॉटेलं पुष्कळ आहेत. तिथे हॅगिसचा, म्हणजे मेंढीच्या काळीज-फुप्फुसाच्या खिम्याचा, मनोरा रचून त्यावर पानं खोवतात. मर्डोकडे हॅगिस बशीत पसरलेलं असतं, शेजारी कुस्करलेला बटाटा आणि सलगम, आणि व्हिस्कीत पाणी किती घालायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. शनिवारी मात्र माणसं येतात ती नेटाबाईंच्या डंपलिंगसाठी.

पातेल्याच्या तळाशी त्यांनी एक बशी पालथी ठेवली होती. पाणी उकळत असलं की ती खडखडते. आवाज थांबला तर पाणी आटलं समजायचं. ती खडखड ऐकत आम्ही चहा घेत बसलो.

"मर्डोच्या पबात मी ग्लास विसळायला लागले, तेव्हा त्याचा बाप मालक होता," त्या म्हणाल्या. "बायकांना पुढच्या खोलीत बसायची सोय नव्हती. मागे एक कोंदट खोली होती, तिच्या छोट्या खिडकीतून आम्हाला ग्लास मिळायचा. आर्ची गोदीतून सुटला की पुढे प्यायचा, मी मागे विसळायची. एकाच छपराखाली नवरा-बायको, आणि गाठ पडायची ती घरी!"

"मग डंपलिंग कसं सुरू झालं?"

"मर्डोच्या बापाचा वाढदिवस होता, आणि वाढदिवसाला इथे आई डंपलिंग करते. त्याची आई गेलेली, करणार कोण? मी केलं. पुढच्या खोलीत आणून ठेवलं, तर सगळ्या पुरुषांनी ग्लास खाली ठेवले. एक म्हातारा उठला आणि मला म्हणाला, 'बाई, बसा.' त्या खोलीत मी पहिल्यांदा बसले ती तेव्हा. हे डंपलिंग हातात होतं म्हणून बसले."

त्यांनी कप खाली ठेवला. दोन्ही तळव्यांत धरूनच ठेवला.

"गेल्या शनिवारी गाठ सुटली. पाणी आत शिरलं, सगळी लापशी. मर्डोला सांगितलं, सर्दी झालीय. त्याने कारखान्यातलं डबाबंद आणलं आणि वाढलं."

"मग? लोक काय म्हणाले?"

"काही नाही," नेटाबाई म्हणाल्या. "तेच तर. कुणी काही म्हणालंच नाही."

बशी खडखडत राहिली. लोकांनी तक्रार केली असती तर मी नेटाबाईंची समजूत तरी घातली असती.

"मर्डोला कळता कामा नये," त्या म्हणाल्या. "रागावला तर मी बघून घेईन गं. तो रागावणार नाही, हीच भीती आहे."

दुपारी मी डंपलिंग बाहेर काढून ताटात ठेवलं. आता कापड सोडून ते ओव्हनच्या दाराशी सुकवायचं, म्हणजे वर चकचकीत साल धरते. नेटाबाईंनी सवयीने सुतळीला हात घातला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि मर्डो दारात. शनिवारी डंपलिंग न्यायला तो स्वतः येतो.

"काय मावशी, झालं का? दोघं जण आत्ताच येऊन बसलेत. म्हणतात, वासावरूनच व्हिस्की ठरवणार."

"झालंच," नेटाबाई म्हणाल्या. ओली गाठ त्यांच्या बोटांतून निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. मी पुढे झाले, पण उशीर झाला होता. मर्डोने टोपी काढली.

"मावशी, कधीपासून हे?"

"कुणी सांगितलं तुला काही झालंय म्हणून? गाठ ओली आहे."

"तुझ्या गाठी मी लहानपणापासून पाहतोय."

तो खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसला. दांडगा माणूस, पण आवाज अगदी खाली आणला होता. म्हणाला, "हे बघ, पुष्कळ केलंस. खिडकीजवळची जागा आता कायमची तुझी. रोज ये, बस, तुझा ग्लास माझ्याकडून. बापाच्या फोटोशेजारी तुझाही मोठा फोटो लावतो. डंपलिंगचं काय, ते आणू बाहेरून."

"कुणाला फरक कळत नाही म्हणून?"

मर्डोने टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "मला कळतो. पण तुझे हात बघवत नाहीत मला."

"मग माझ्या हातांकडे बघू नकोस, ताटाकडे बघ." त्या जरा हसल्या. मग त्यांनी सुतळीचं टोक माझ्याकडे सरकवलं आणि मी गाठ सोडली. कापड निघालं. वाफ वर आली, सुंठ-दालचिनीचा वास खोलीभर पसरला. मर्डो नुसता बघत राहिला.

"मर्डो," नेटाबाई म्हणाल्या, "खिडकीची जागा नको आणि फोटोही नको. शनिवारी सकाळी कापडाला गाठ मारायला कुणीतरी दे. बाकीचं मी करते."