कार्मेलीनबायच्या पिशवीतला चढ

२१ जानेवारी. पहाटे दाट धुके, नऊनंतर लख्ख ऊन, वारा उत्तरेचा. मोहोराला धोका नाही.

वहीत त्या दिवसाची नोंद इथेच थांबते. खालचे पाऊण पान कोरे आहे. सव्वीस वर्षे रोज लिहितोय, पण असे कोरे पान तेवढे एकच. आज तुम्ही बसलाच आहात, चहाही आलाय, तर त्या पानावर काय यायला हवे होते ते सांगून टाकतो. हसायचे तर हसा. सुनीता, म्हणजे आमची ही, अजून हसते. मला मात्र अजून जमलेले नाही.

माझी देवगडजवळ आंब्याची बाग आहे. चौसष्ट कलमे, प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाचे वहीत वेगळे पान. सप्टेंबरात सतरा नंबरच्या कलमाला लावलेली शिडी सरकली आणि माझे उजवे मनगट मोडले. प्लॅस्टर निघाले तेव्हा बोटे लाकडाची झाली होती. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. दोन आठवडे दाबला. चेंडू मऊ झाला, बोटे होती तशीच.

आमच्या शेजारी कार्मेलीनबाय राहते. वय सत्तरीपुढचे, एकटीच, तिन्ही मुली लग्न होऊन गोव्याला. तिने गडग्यापलीकडून, म्हणजे मधल्या दगडी कुंपणापलीकडून, माझा व्यायाम पाहिला.

"वसंता, तो चेंडू कुत्र्याक दी आणि हंय येवन बस. क्रोशा शिकवतंय."

"बाय, मी बाप्या माणूस."

"मगे? सुयेक काय ठावक, कोणाचो हात तो?"

गेलो. वही घेऊनच गेलो. साखळी, मुका खांब असे टाक्यांचे प्रकार, सगळ्यांच्या आकृत्या काढल्या. बाय गोल पिशव्या विणायची, त्याही न जोडता. म्हणजे मधोमध सहा टाके घालायचे आणि त्यांच्याभोवती फिरत राहायचे. आधी टाके वाढवत तळ करायचा, मग न वाढवता भिंत उभी करायची. फेरा पुरा झाला म्हणून कुठे जोडायचे नाही, गाठ मारायची नाही. पहिल्या टाक्यात एक सेफ्टी पिन अडकवायची. फिरून पिनेपाशी आलो की एक फेरा मोजायचा, पिन वरच्या टाक्यात घ्यायची आणि पुढे चालू.

माझे इथेच अडले.

"पण बाय, फेरो संपता खंय?"

"संपना नाय. चलतच रवता."

"मगे मी वहीत काय लिवू?"

"वही घराक ठेव आणि हात चलव."

आता ज्या माणसाचा दिवस रोज रात्री वहीत संपतो, त्याला हे कसे पटावे? पण बोटे वळायला लागली होती, म्हणून गप्प बसलो.

बाय स्वतः तेव्हा एक मोतिया रंगाची पिशवी विणत होती. तिची थोरली नात रीटा, तिच्या लग्नासाठी. नवरी माहेरून निघताना बायच्या हातच्या पिशवीत प्रार्थनेचे पुस्तक आणि रोझरी घालून नेते, असा त्यांच्या घरचा नेम. गणपती झाल्यावर सुरू केलेली पिशवी, पण बायच्या डोळ्यांत मोतीबिंदू. विणकाम बोटांनी चाचपत, सावकाश चाललेले.

जानेवारीत ऑपरेशनची तारीख मिळाली आणि डॉक्टरांनी महिनाभर बारीक कामाला मनाई केली. आदल्या संध्याकाळी बाय पिशवी घेऊन आमच्याकडे आली.

"एकोणचाळीस फेरे झाले. तीन रवले, मगे धरूक दोन कान. तुझ्यान होतला?"

"होतला, बाय."

"एक तारखेक लगीन आसा. तिगांय चेडवांक मी माझ्या हातची पिशवी दिलंय. ही पयली नात. समाळून रे."

एवढा विश्वास माझ्यावर सुनीतानेही कधी टाकला नव्हता. मी पिशवी देव्हाऱ्याशेजारी ठेवली.

आणि मग उजाडली ती एकवीस तारीख.

दुपारी जेवून बसलो. सुनीता आत आडवी झाली होती. बाय कालच कणकवलीहून ऑपरेशन करून आली होती आणि डोळ्यावर पट्टी लावून तिच्या घरी पडून होती. माझे तीन फेरे तासाभरात झाले. टाके एकसारखे, मला स्वतःला आवडले. म्हटले, जरा नीट बघू. पिशवीत बिस्किटांचा डबा घालून ती टेबलावर उभी केली आणि डोळा काठाच्या रेषेत आणून पाहिले.

पिनेपाशी चढ होता. माझा शेवटचा टाका शेजारच्या टाक्यापेक्षा बरोबर एका टाक्याने उंच.

मी कपाटातून गवंड्याची लेव्हल काढली. होय, लेव्हल. काठावर ठेवली. बुडबुडा एका बाजूला.

नवशिका माणूस मी, चूक माझीच असणार. तीनही फेरे उसवले आणि पुन्हा पाहिले. चढ होताच, फक्त बोटभर सरकलेला. म्हणजे चूक माझी नव्हती. चूक बायची होती!

मला गलबलून आले. बिचारीला दिसत नाही, चाचपत विणते, आणि ही अशी वाकडी पिशवी नातीच्या लग्नात चारचौघांत जाणार. ठरवले, आपण गुपचूप सरळ करून टाकू. बायला कळायलाही नको.

एकोणचाळिसावा फेरा उसवला. चढ तिथेच. अडतिसावा उसवला. चढ पुन्हा हजर. तेव्हा मी पद्धतशीर विचार केला, आणि माझे सगळे वाटोळे त्या पद्धतशीर विचारानेच केले. बायची नजर नेमकी कधीपासून गेली? वही उघडली. नोव्हेंबरातली नोंद सापडली: 'बायने मला सुनीता समजून हाक मारली.' मागे गेलो. दिवाळीची नोंद: 'फराळ दिला. बायची पिशवी वाटीएवढी झाली आहे.' म्हणजे वाटीपर्यंतचे काम चांगल्या नजरेतले, वरचे सगळे संशयास्पद. पुरावाच होता की लेखी!

वाटीपर्यंत उसवली. प्रत्येक फेऱ्याला थांबून पाहत होतो, सूत नीट गुंडाळत होतो. वाटीलाही चढ होता.

इथे कुणीही थांबला असता. पण पंचवीस-तीस फेरे उसवलेला माणूस उरलेल्या दहाबारांसाठी थांबत नाही हो. वाटीची बशी झाली, बशीची रुपयाएवढी चकती झाली, चढ काही मला सोडेना. शेवटी सहा टाके उरले. त्या सहांतही होता. ते ओढले आणि हातात सरळ दोरा आला.

तेव्हा चढ गेला.

सुनीता उठून बाहेर आली. टेबलावर डबा, लेव्हल, वही आणि नारळाएवढा गुंडा.

"ह्या काय?"

"सूत."

"आणि बायची पिशवी खंय?"

"हीच."

ती खुर्चीवर बसली. "अवो, उसवच्या आधी बायक विचारलांत?"

"तिका वाईट वाटात म्हणान नाय विचारलंय."

"आणि आता बरां वाटात?"

बायच्या घराचे दार आमच्या पायरीपासून तीस पावलांवर आहे. त्या दिवशी ती पावले मी मोजली नाहीत. बाय खाटेवर पडली होती. मी गुंडा तिच्या हातात दिला. तिने तो चाचपला, हातात तोलून बघितला.

"हो गुंडो कसलो रे?"

मी सगळे सांगितले. लेव्हलसुद्धा सांगितली.  बाय म्हणाली, "गोल जिनो कसो चढता? तशीच ती पिशवी. एक टाको वर चढल्याशिवाय दुसरो फेरो येतलो खंयसून?"

"मगे तो चढ काढूचो कसो?"

"काढूचो नाय. अगदी शेवटाक दोन टाके आखूड घालूचे, दाबून. कोणाक दिसना नाय."

"दोनच?"

"दोन."

बराच वेळ ती गुंड्यावरून हात फिरवत राहिली.

"एकोणचाळीस फेऱ्यांत एकय टाको चुकाक नाय होतो, वसंता. बोटांनी मोजलेलंय." मग थोड्या वेळाने, "तुझी बोटां मात्र बरी झाली. इतक्या सूत गुंडाळलंस."

 शिवी दिली असती तर बरे वाटले असते. तिला वाईट वाटू नये म्हणून मी विचारले नाही, असे मी सगळ्यांना सांगत आलो. खरे सांगतो, मला वाटले होते की जिला दिसत नाही, तिला विचारून काय उपयोग. दोन-अडीच महिने तिच्यापाशी बसून शिकलो, आणि तिची बोटे काय बघतात हे मला एकदाही बघता आले नाही.

पुढचे दहा दिवस मी ती पिशवी पुन्हा विणायचा प्रयत्न केला. बागेत फवारणी राहिली, वहीत नुसते फेऱ्यांचे आकडे. पहिली पिशवी टोपीसारखी झाली, दुसरी काजूच्या बोंडासारखी खाली फुगीर, वर चिंचोळी. बाय ती चाचपून म्हणाली, "हिच्यात रोझरी रवात, पण पुस्तक कापूक लागात."

लग्न एक फेब्रुवारीला झाले. रीटाच्या हातात बाजारातून आणलेली मण्यांची पिशवी होती.

कार्मेलीनबायने मार्चमध्ये त्याच सुताने पुन्हा सुरुवात केली. पिशवी नऊ मे रोजी पूर्ण झाली आणि बारा तारखेला रीटाला पोचली. एकूण फेरे बेचाळीस. शेवटचे तीन तिने मला घालायला दिले. घालून झाल्यावर तिने ते उसवले आणि स्वतः घातले.