टाकीजवळचं ऊन

"बसा, बसा. ऊन काय माझ्या बापाचं आहे?"

असं म्हणत ते उठायचे, खांद्यावरच्या पंच्याने जागा झटकायचे आणि दोन पावलं मागे, सावलीत जाऊन उभे राहायचे. हे वाक्य तुम्ही-आम्ही भांडताना वापरतो. रस्ता काय तुझ्या बापाचा आहे, नळ काय तुझ्या बापाचा आहे, असं समोरच्याला विचारतो. हा प्रश्न स्वतःलाच विचारणारा आणि त्याचं खरं उत्तर देऊन जागा सोडणारा माणूस मी एकच पाहिला.

आमची इमारत गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला होती, तीन मजल्यांची. हे गृहस्थ तळमजल्यावर राहायचे. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणायचो. नोकरीत असताना ते पेठ-सुरगाण्याच्या गाडीवर कंडक्टर होते. बाजाराच्या दिवशी नागलीची पोती, कोंबड्या आणि माणसं एकमेकांच्या मांडीवर बसून घाट चढायची, आणि काका मधून "सरका पुढे, सरका पुढे" असं ओरडत जायचे. आवाज पार टपावरच्या माणसापर्यंत पोचायचा म्हणे. त्यांची स्वतःची जागा मात्र रोज कुणीतरी लेकुरवाळी घेऊन बसलेली असायची.

मी एकदा त्यांना विचारलं की गाडीत एवढे ओरडायचात, मग गच्चीवर तोंड का उघडत नाही? ते म्हणाले, "तो बॅगेचा आवाज होता हो. बॅग जमा केली, त्याबरोबर तोही जमा झाला."

गच्चीचं काय होतं ते सांगतो. नाशिकची थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना सांगायला नको, पौषात सकाळी बादलीत हात घालवत नाही. त्यात आमच्या पूर्वेला नवी इमारत उठली. त्या वर्षापासून तळमजल्यावरच्या घरांत दिवाळी ते शिमगा ऊन असं शिरलंच नाही. भिंतींना ओल धरली. राहिली गच्ची. तिथेही अर्ध्या भागावर नव्या इमारतीची सावली, उरलेल्या भागात गोधड्या, गाद्या, धुतलेले गहू, टीव्हीच्या अँटेनाच्या नव्या काड्या आणि अभ्यासाच्या नावाखाली झोपलेली मुलं. सकाळचं पहिलं ऊन पडायचं ते पाण्याच्या टाकीशेजारी, चार माणसं बसतील एवढ्या जागेत. टाकीमुळे तिथे वाराही लागायचा नाही. सगळ्या इमारतीचा डोळा त्या जागेवर.

आणि काकांना ती जागा खरोखरच हवी होती. काकू न्हाणीघरात पाय घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं तरी पाय उचलेना. गारठ्याने रात्रभर कण्हायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, सकाळचं कोवळं ऊन द्या, उन्हात अंग मोकळं झालं की धरून धरून उभं करा, ही थंडी अंथरुणात काढली तर पुढे उठणं कठीण आहे. हे ऐकून काका आमच्या दारात आले. त्यांना मदत मागायची होती, आणि ती मागायला त्यांना एक कप चहा आणि हवापाण्याच्या सगळ्या गप्पा लागल्या.

मग असं ठरलं की मी आणि दुसऱ्या मजल्यावरचे सर, दोघांनी काकूंना खुर्चीत बसवून वर न्यायचं. सरांची शाळा दुपारची, माझं ऑफिस साडेदहाचं. म्हणजे तासभर ऊन मिळालं असतं. काकू अंगाने भरलेल्या होत्या आणि जिभेने त्याहून. पहिल्या दिवशी जिन्यात आमची दमछाक बघून म्हणाल्या, "जपून रे. एकदा पडले तर एवढा ताप झालाय, दुसऱ्यांदा तुम्हांला घेऊन पडेन."

पहिल्या दिवशी काकांनी आधी वर जाऊन सतरंजी अंथरली आणि ते खाली आले. आम्ही काकूंना घेऊन वर पोचलो तर त्या जागी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या तीन गाद्या. सतरंजी नीट घडी करून कठड्यावर ठेवलेली. वहिनी हसून म्हणाल्या की कुणाची राहिली होती देव जाणे, वाऱ्याने जायला नको म्हणून मी घडी घातली. काका म्हणाले, "बरं केलंत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टूल ठेवलं. त्या स्टुलावर शेजारच्या ब्लॉकमधले आजोबा पेपर घेऊन बसले आणि वर काकांना म्हणाले की स्टुलाची सोय चांगली केलीत. तिसऱ्या दिवशी सरांनी डोकं चालवलं. काका, तुम्ही स्वतः जागेवर बसून राहा, आम्ही दोघं काकूंना आणतो. आणलं. वर पोचलो तर काका सावलीत उभे आणि जागेवर एक बाळंतीण तान्ह्याला तेल लावत बसलेली. काकूंनी नवऱ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता या खुर्चीतून उठतात आणि चालत जातात.

"सरका थोडं, एवढंच म्हणायचं असतं," त्या म्हणाल्या. "दोन शब्द. तेवढे बोला की एकदा माझ्यासाठी."

काका म्हणाले, "उद्या बोलतो."

असे पुष्कळ उद्या गेले. मी किंवा सर बोललो तर लोक सरकायचे, नाही असं नाही, पण लगेच काकाच मध्ये पडायचे. राहू द्या, बसा, ऊन काय माझ्या बापाचं आहे? माणूस स्वतःच्या बाजूने उभा राहात नसला की त्याच्या बाजूने उभं राहणाऱ्याचं हसं होतं. सर वैतागून म्हणायचे की या माणसाला मदत करणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं आहे.

मग एक दिवस आम्ही खुर्ची घेऊन वर गेलो तर जागा मोकळी. गाद्या लांब, गहू लांब, मुलं लांब. मधोमध नारळाएवढा एक गोल दगड, शेंदूर फासलेला.

मी काकांकडे बघितलं. ते पंच्याने नाक पुसत दुसरीकडे बघत होते. शेंदूर अजून त्यांच्या बोटाला होता. आमच्या जिन्याच्या कोपऱ्यात लोक पान खाऊन थुंकायचे, म्हणून कुणीतरी तिथे देवाचं चित्र चिकटवलं होतं आणि दुसऱ्या दिवसापासून पिचकाऱ्या थांबल्या होत्या. काकांनी ते रोज येता-जाता बघितलं होतं. दगड त्यांच्याच घरातला, लोणच्याच्या बरणीवर ठेवायचा.

मी आणि सर पोट धरून हसलो. सरांच्या घरी बुद्धाची मूर्ती, दगडाला शेंदूर लावला काय आणि चुना लावला काय, त्यांच्या लेखी तो दगडच. पण त्यांनीही त्या दिवशी काकांच्या पाठीवर थाप मारली. काका दगड थोडा बाजूला सारायचे, काकूंची खुर्ची तिथे ठेवायची, तासाभराने आम्ही त्यांना खाली न्यायचो आणि दगड परत मधोमध.

हा आठवडा मला फार आवडीने आठवतो. काकू डोळे मिटून उन्हाकडे तोंड करून बसायच्या. चेहऱ्यावर रंग आला. एके दिवशी कठडा धरून उभ्या राहिल्या, सर आणि मी दोन्ही बाजूंनी हात पसरून उभे. एक पाऊल टाकलं. काका लहान पोरासारखे रडले.

नंतर दगडावर एक जास्वंदीचं फूल दिसलं.

फूल कुणाचं ते कळलं नाही. मग हळद-कुंकू आलं, मग उदबत्ती, मग नारळ. त्याच सुमाराला वहिनींच्या यजमानांच्या छातीत दुखू लागलं आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. वहिनी पहाटे अंघोळ करून ओलेत्याने वर जायच्या आणि दगडाला पाणी घालायच्या. आता दगड बाजूला सारणं जमेना. खुर्ची शेजारी ठेवली तर एका बाईने हळूच सुचवलं की काकूंचे पाय देवाकडे होतात. खुर्ची फिरवली तर पाठ होते. मागे ठेवली तर टाकीच्या सावलीत जाते. शेवटी खुर्ची टाकीच्या सावलीत गेली. सकाळचं सगळं ऊन दगडावर, आणि काकू शाल गुंडाळून त्याच्याकडे बघत बसलेल्या.

"देव आणला यांनी," त्या मला म्हणाल्या, "आणि तो बसला माझ्या जागेवर. यांच्या घरातलाच ना, पण याला बरं बसता आलं."

सरांनी काकांना बाजूला घेतलं. म्हणाले, "तुमचा दगड आहे, तुम्हीच उचला. मी आत्ता उचलला असता, पण मी उचलला की त्याची गोष्ट निराळी होईल, तुम्हांला माहीत आहे." काकांना माहीत होतं. आम्हां सगळ्यांना माहीत होतं. मी उचलतो म्हणालो तर काकांनी माझा हात धरला, म्हणाले की पाप-पुण्य काय व्हायचं ते माझ्या हातून होऊ दे, उद्या पहाटे मीच उचलतो.

हा उद्या मात्र त्यांनी पाळला. पहाटे वर गेले. मी दूध घ्यायला उठलो होतो तेव्हा ते जिन्यावरून परत येताना दिसले, हात रिकामे. वर वहिनी होत्या, दिवा लावून, हात जोडून. पदराआड रडत होत्या.

"त्या नवऱ्याला मागतायत," काका म्हणाले. "मी कसा उचलू?"

तुम्हांला उचलता आला असता तर सांगा.

वहिनींचे यजमान बरे होऊन घरी आले. आनंदच झाला, माणूस वाचला. वहिनींनी नवस बोलला होता, तो त्यांनी फेडला. देव उघड्यावर उन्हातान्हात बसतो म्हणून त्यावर चार खांबांचा पत्रा घातला. सगळ्या इमारतीला पेढे वाटले. काकांनी पेढा कपाळाला लावून खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून त्या जागेवर ऊन पडायचं बंद झालं. गच्चीत कोवळ्या उन्हाची तेवढी एकच जागा होती, तिथेही सावली आली.

काकूंना वर नेणं मग आपोआप थांबलं. थंडी त्यांनी अंथरुणात काढली, उन्हाळा काढला, पावसाळ्यात पाठीला जखमा झाल्या. डॉक्टर येऊन मलमपट्टी बदलून जायचे. काका खिडकीशी आरसा धरून रस्त्यावरचं ऊन आत आणायचा प्रयत्न करायचे. तो उजेडाचा तुकडा काकूंच्या पांघरुणावर थरथरायचा. काकू म्हणायच्या की पुरे, हात दुखेल. पुढची संक्रांत त्यांनी पाहिली नाही.

काकांनी पेठला लेकीकडे जायचं ठरवलं. सामान फारसं नव्हतंच. टेम्पो आला त्या सकाळी मी आणि सरांनी पेट्या चढवल्या. काकूंची खुर्ची तेवढी त्यांनी सरांना दिली. निघायच्या वेळी काका कुठे दिसेनात. मी वर गेलो.

ते गच्चीवर होते. पौषातलं ऊन टाकीपर्यंत आलं होतं आणि पत्र्यावर चकाकत होतं. आत दगडाला चांदीचे डोळे बसवलेले. काका त्याच्यापुढे उभे होते, पायांतल्या चपला काढून, हात जोडून. मला बघून ओशाळले. पंचा खांद्यावर टाकून जिन्याकडे वळले.

खाली उतरताना मी विचारलं, "काय मागितलंत?"

"मागायचं काय आता," ते म्हणाले. तीन-चार पायऱ्या उतरून थांबले. भिंतीला हात टेकला.

"म्हटलं, सरका थोडं."