सबनीसकाकांची युद्धनौका

सबनीसकाका जहाज बांधत आणि बांधलेलं मोडत. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या केमिकल कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एका जुन्या, शिडाच्या फ्रेंच युद्धनौकेची लाकडी प्रतिकृती करायला घेतली. तिचं नाव लांबलचक, म्हणून काका तिला नुसतं ‘बाई’ म्हणत. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायला आले तेव्हा तीन डोलकाठ्या आणि सोनेरी नक्षी मिरवत बाई जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून होती. घरातली माणसं स्वयंपाकघरात ताटं हातात घेऊन जेवत.

काकांचा नेम असा, की खऱ्या बाईच्या नोकरीत जे घडलं ते या जहाजावरही घडलंच पाहिजे. वेस्ट इंडीजच्या वादळात तिची डोलकाठी मोडली, तशी काकांनी कापून नवी बसवली. गोडं पाणी भरायला ती मलबारच्या किनाऱ्याला थांबली, त्या दिवशी आम्हाला शिरा मिळाला. पुढे इंग्रजांनी तिला पकडलं. झेंडा बदलताना काकांचा चेहरा अगदी उतरला होता.

“अहो, राहू द्या ना फ्रेंचच,” हेल्गाकाकू म्हणाल्या. काकू जर्मन, मराठी शिकल्या सांगलीच्या सासूबाईंकडून. “आल्झो, म्हणजे, कोण बघायला येतंय इथे?”

“तिच्या नोकरीत खाडाखोड करणारे आपण कोण?” काका म्हणाले.

इंग्रजांनी शेवटी बाईच्या डोलकाठ्या उतरवून तिचा तरंगता तुरुंग केला, आणि लाकूड कुजल्यावर तिचं सरपण झालं. म्हणून काकांनी टेबलावरच्या बाईला वॉर्निश लावलंच नव्हतं. “जाळताना घाण धूर होतो गं. जन्मभर केमिस्ट होतो, एवढं कळतं मला.” आम्ही हसण्यावारी नेलं.

मग काकांच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. तरीही त्यांनी डोलकाठ्या उतरवल्या, नक्षी खरवडली. मला ते बघवेना.

“काका, आता पुरे. बोडकी का होईना, काकूंजवळ राहू दे.”

“तुरुंग म्हणून ठेवून जाऊ तिला? मोडल्याशिवाय सुटका नाही तिची.” मग काकूंकडे न बघता म्हणाले, “थंडी पडली की शेगडीत घाल हं, हेल्गा.”

“नाही. माझ्याने नाही व्हायचं ते,” काकू म्हणाल्या आणि उठून गेल्या.

पानगळ संपायच्या आत काका गेले. जाणाऱ्याने मागे राहणाऱ्या बायकोवर असलं काम टाकावं, याचा मला तेव्हा राग आला होता. अजूनही थोडा आहे.

नाताळच्या सुमाराला मी वर गेले. जहाजाची एक बाजू उघडी पडली होती, आतल्या फासळ्या दिसत होत्या. काकूंनी चिमट्याने एक फळी अलगद सोडवली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि शेगडीत सरकवली.

“रोज एकच,” त्या म्हणाल्या. “सगळं एकदम मला देववत नाही.”

मी दारातच उभी होते. काकूंनी शेजारची खुर्ची ओढली.

“ये ना. लगेच विझते. ऊब आहे तोवर बस.”