पाण्याला आलेलं पीक

तेलं तपासायच्या प्रयोगशाळेत त्याला सगळे 'बागायतदार' म्हणत. पडद्यावरची रेघ वर उसळली, की हा खुर्चीतून उठून ओरडायचा, "पीक आलं!" इंग्रजीतलं पीक म्हणजे शिखर; पण ऐकणाऱ्यांना बिचाऱ्यांना शेतच दिसायचं.

काम तसं सरळ होतं. तेलाचा थेंब द्रावात टाकायचा, कार्बनची कांडी बुडवायची आणि विजेचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा. लवंगेतलं युजेनॉल असेल, तर ठरावीक दाबाला रेघ उसळते. "माणसाचं नाक खोटं बोलेल, वीज नाही बोलणार," हे त्याचं पालुपद. आधी नुसत्या द्रावाची कोरी चाचणी घ्यावी, असा नियम होता. पण तो म्हणे नवशिक्यांसाठी. हा पडला तज्ज्ञ!

त्या आठवड्यात त्याची दाढ ठणकत होती. लवंगतेलाचा बोळा बोटाने दाढेत दाबायचा आणि त्याच बोटाने कांडी पुसायची, असा कारभार चालला होता. मग काय, जिकडेतिकडे पीकच पीक! धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं पुदिन्याचं तेलसुद्धा सुटलं नाही. पुदिन्यात लवंग कोण शहाणा घालील, हे काही त्याच्या मनात आलं नाही. 'लवंगेची भेसळ' असा शेरा बसला आणि मेहुण्याचा अख्खा हंगाम गोदामात अडकला.

जेवणाच्या सुट्टीत बहीण तरातरा आली आणि टेबलावर बाटली आपटली.

"हे तपास."

त्याने दाढ चाचपली, कांडी पुसली, यंत्र सुरू केलं. रेघ उसळली.

"पीक आलं!"

"नळाचं पाणी आहे ते, दादा. आता तोंड उघड."

उघडलं. लवंगेचा भपकारा तिच्या नाकात गेला.

तेवढ्यात साहेब दारात आले. "काय गडबड आहे?"

'माझंच बोट बरबटलेलं होतं' एवढं म्हणायचं होतं, की माल संध्याकाळच्या आत सुटला असता. बहीण त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"यंत्र बिघडलंय, साहेब," बागायतदार म्हणाले. "वीज खोटं बोलतेय."

बहिणीने घसा कोरडा केला. पण जिचा माल अडकलाय तिचं कोण ऐकतं? यंत्र दुरुस्तीला गेलं. ते परत येईपर्यंत कुठलंच तेल सोडायचं नाही, असा हुकूम निघाला.

दाढ मात्र त्याने दुसऱ्याच दिवशी उपटून घेतली. पुरावा कशाला ठेवायचा?