गिरणीची चूल

लग्न होऊन सांगलीला आले आणि जन्मात पहिल्यांदा असं फाटक बघितलं. आमच्या मेढ्याकडे घराला दार असतं आणि तेही दिवसभर सताड उघडं. इथे शेंगदाण्याच्या तेलाची गिरणी, गिरणीमागे कामगारांच्या खोल्यांच्या ओळी, सगळ्याला मिळून एक दगडी कुंपण आणि कुंपणाला एकच लोखंडी फाटक. फाटकावर पलटणीतून परतलेला पहारेकरी. हे गिरणीत फिटर होते म्हणून आम्हाला कडेची खोली मिळाली होती.

खोटं कशाला बोलू, सुख होतं. नळाला पाणी यायचं. नदीवरून घागरी आणणाऱ्या बायका फाटकातून आमच्या नळाकडे बघायच्या आणि मी मुद्दाम बादली भरून वाहू द्यायची. चोराची भीती नाही, भांडण झालं तर सोडवायला अख्खी ओळ हजर. पण जाच म्हणाल तर तोही लय. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, शेण्या थापायच्या नाहीत, कोंबडी पाळायची नाही. दारात कुणी विकायला यायचं नाही. संक्रांतीला कासारीण फाटकाबाहेर बसायची आणि आम्ही बाया गजांतून हात बाहेर काढून बांगड्या भरून घ्यायचो. हात सुजला की आत ओढता येईना! एकदा शेजारीण अशीच अडकली आणि पहारेकऱ्यानं तेल आणून दिलं. तेलाला काय तोटा होता आमच्याकडे.

हे सगळं मी हसत सोसलं असतं. सोसवत नव्हतं ते आबांचं उपाशी जाणं.

आबा म्हणजे माझे वडील. वर्षातून दोन-तीनदा आगगाडीनं यायचे, खांद्यावर तांदळाचं गाठोडं आणि हातात फिरकीचा तांब्या. तांब्यात घरचं पाणी. कारण रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नाही. कुणी कुणी पाणी पितात; आबा तेही पीत नसत. आणि मला तर लग्नाला इतकी वर्षं होऊनही काही नव्हतं. आबा यायचे, उंबऱ्याशी बसून गप्पा मारायचे आणि जेवायची वेळ झाली की उठून फाटकाबाहेरच्या लिंबाखाली जायचे, फडक्यातली शिळी भाकरी सोडायचे. मी इकडे आमटी करून गजांशी उभी. येणारे-जाणारे बघायचे आणि काय समजायचं ते समजायचे. मी चिडायची, रडायची. "आबा, कुणाला कळतंय इथं? घोटभर पाणी तरी प्या!"

"मला कळतंय की," आबा म्हणायचे. "रीत ती रीत, बाई."

त्या वर्षी आबांच्या तब्येतीनं दगा दिला होता. आले तेव्हा चेहरा एवढासा झालेला. वैद्यानं दोन वेळचं गरम जेवायला सांगितलं होतं आणि हा गृहस्थ रात्रभर प्रवास करून गार भाकरी चावणार! मी ठरवलं, आज पाया पडेन, पण यांना जेवू घालीन. तांदूळ रटरटत ठेवले, पावट्याची आमटी केली, खर्डा कुटला.

आबांनी मात्र या खेपेला तांदळाबरोबर फणसाचं रोप आणलं होतं. "लेकीच्या दारात माझ्या हातचं झाड हवं," म्हणाले आणि शेजारून पहार मागून दाराशी खड्डा खणायला लागले. दोन ढेकळं निघाली असतील नसतील, पहारेकरी धावत आला.

"आवं पाव्हणं, काय करताय? हितं खणायचं न्हाई!"

"का? माझ्या लेकीचं दार हाय."

"लेकीचं?" पहारेकरी हसला. "आवं, हे दार गिरणीचं, भिंत गिरणीची. काम सुटलं की चंबूगबाळं उचलून भाईर! हितं कुणाचं काय बी न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आबा गावभर सांगत फिरायचे, जावयाला गिरणीनं घर दिलंय. आमच्याकडे दिलं म्हणजे दिलं. वेळ आली की परत घेतात हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. बापासमोर माझ्या संसाराची अशी लक्तरं काढायची? मी पहारेकऱ्याला म्हणाले, "दादा, तोंड सांभाळून बोला. वडील हायत माझे!"

पण आबांनी हात वर करून मला गप्प केलं. पहार भिंतीला टेकवली.

"भिंत गिरणीची," ते म्हणाले. "आन नळ?"

"त्यो बी."

"आतली चूल?"

"चूल बी गिरणीचीच. का वो?"

आबांनी मिशीवरून हात फिरवला. नळापाशी गेले, हातपाय धुतले, ओंजळ धरली आणि घटाघटा पाणी प्याले. मी नुसती बघत राहिले. मग आत येऊन भिंतीला पाठ लावून बसले.

"वाढ गं. ह्ये कुठं लेकीचं घर हाय? ह्यी तर धर्मशाळा. धर्मशाळेत जेवायला रीत आडवी येत न्हाई."

मी वाढलं. डोळ्यांतून धारा आणि तोंडावर हसू, पळीतली आमटी अर्धी ताटाबाहेर. आबांनी तीनदा भात मागून घेतला. पहारेकऱ्यालाही हाक मारली, तोही बसला. भोंगा झाला, हे घरी आले आणि सासऱ्यांना जेवताना बघून दारातच थबकले.

मग काय, आबांना गोडी लागली. तब्येत दाखवायच्या निमित्तानं महिन्या-महिन्याला यायला लागले. चेहऱ्यावर तुकतुकी आली. पहारेकरी लांबूनच ओरडायचा, "आलं बगा धर्मशाळंचं पाव्हणं!"

पुढच्या दिवाळीला हे फार खुशीत घरी आले. मिरजेच्या रस्त्याला एक जागा हप्त्यानं मिळत होती. आपलं स्वतःचं घर! हवे तेवढे खिळे ठोक, कोंबड्या पाळ, झाडं लाव. मी म्हणाले, "मला नको."

हे भडकले. "इतकी वर्षं डोकं खाल्लंस ना या फाटकापायी? आणि आता नको?"

"घर आपलं झालं, की आबा पुन्हा बाहेर बसून शिळी भाकरी खातील."

यांनी पुन्हा टोपी घातली आणि त्या जागेवाल्याला नाही म्हणून सांगायला गेले.